झेरॉक्सवरचा अंगठा

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं माणसांना वारस लावले. शब्द माझा नाही, कामगारांचा. "मॅडम, वारस लावायचाय," असं म्हणत ते आमच्या पर्सोनेल खात्याच्या खिडकीशी यायचे. पाळी सुटलेली असायची, हात धुतलेले असायचे, तरी फॉर्मवर बोटांचे तेलकट ठसे उमटायचेच. नवीन लग्न झालेले तर बायकोचं नाव इतकं हळू सांगत की मला खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागे.

ज्यांचा कारखान्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. कामगाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापायची, तेवढीच कंपनीने घालायची, आणि माणूस निवृत्त झाला की सगळी एकदम द्यायची. तो आधीच गेला तर फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याला द्यायची. पंच्याण्णवच्या सुमाराला यात पेन्शन आली. म्हणजे कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या विधवेला दर महिन्याला, ती जगेपर्यंत, ठरावीक पैसे. फार नव्हेत. धान्य, तेल, चहा-साखर आणि औषधाची एखादी बाटली निघेल इतके. पण या दोन पैशांत एक फरक आहे. तो नियमांच्या पुस्तकात नाही, खिडकीवर बसणाऱ्याला मात्र वर्षभरात कळतो. एकरकमी आलेला पैसा बाईकडे राहत नाही. दीर येतो, भाऊ येतो, जावई येतो. दर महिन्याला थोडा थोडा येणारा पैसा न्यायला कुणी येत नाही. तो तिचा राहतो.

मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या अंजनाबाईंचा हा दर महिन्याचा पैसा माझ्या टेबलावरून गेला. या श्रावणात त्या वारल्या. त्या माझ्या नात्याच्या नव्हत्या, मला त्यांचं सुतक नव्हतं. तरी तेव्हापासून माझं वाचन थांबलं आहे. पुस्तक उघडते, पान तसंच राहतं. संपादकांनी "नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा" म्हणून सांगितलं होतं. गमतीदारही होते, नाही असं नाही.

क्रेन चालवणारा एक कामगार होता. बायकोशी भांडण झालं की तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कोरा फॉर्म घेऊन जायचा. "काढतोच तिचं नाव. भावाचं लावतो." फॉर्म घरी नेऊन तो बायकोच्या डोळ्यांपुढे भिंतीला चिकटवायचा. भरून मात्र कधी आणला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याची बायको पेढे घेऊन आली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या फॉर्मांमुळं आमची भिंत रंगवायची गरज पडली नाय."

आणि एका फोरमनची बायको. शिक्षिका. एकोणीस वर्षांचा संसार कोर्टात रीतसर मोडून, निकालाची नक्कल घेऊन ती माझ्यासमोर बसली. तिचं म्हणणं साधं होतं. घर तिच्या पगारावर चाललं, म्हणून नवऱ्याला फंडात जास्तीचे पैसे भरता आले. "त्यातला अर्धा माझ्या भाजीतून वाचलेला आहे," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्याकडे लग्न मोडलं की मिळकतीचे दोन भाग करायचे, असा कायदा नाही. घर ज्याच्या नावावर त्याचं, शेत सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं. बाईने लग्नात आलेलं आपलं घेऊन जावं, पोटगी मिळाली तर घ्यावी. फंडाला तर कोर्टालाही जप्ती आणता येत नाही. कामगाराची म्हातारपणाची पुंजी सावकाराने उचलू नये म्हणून ही भिंत घातली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण बायको आली की तिलाही तीच भिंत लागते.

तिने विचारलं, "मग कोणाला मिळतो?"

"त्यांना स्वतःला. किंवा ते गेल्यावर बायकोला."

"म्हणजे मी घटस्फोट घेतला नसता आणि हे मेले असते, तर मिळाला असता?"

"हो."

ती मोठ्याने हसली. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फॉर्मवरचं नाव बदलायला ज्याचा फंड त्याची सही पुरते. जिचं नाव काढलं जातं तिला कळवायची पद्धत नाही. तीस वर्षांत मी किती नावांवर रेघ मारली ते मोजलं नाही. त्यांतल्या एकीलाही मी पोस्टकार्ड टाकलं नाही.

केदा आमच्याकडे लेथवर होता. कळवण तालुक्यातला. मवाळ माणूस, हजेरीपटावर त्याच्या नावापुढे कधी लाल खूण नाही. शहाण्णव साली एका दुपारी तो खिडकीशी आला आणि कागदाची घडी पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, जुनं नाव काढायचं. फारकत झाली."

फारकत म्हणजे कोर्टाबाहेरचा घटस्फोट. आमच्या भागात कित्येक समाजांत ही रीत आहे. दोन्हीकडचे पंच बसतात, देणंघेणं ठरवतात, स्टँपपेपरवर लिहून घेतात आणि दोघं मोकळी होतात. फंडाच्या नियमांतही म्हटलेलं आहे की समाजाच्या रूढीप्रमाणे बायकोचा पोटगीचा हक्क संपला असेल तर तिला कुटुंबात धरू नये. तेव्हा असा कागद घेणं नियमाबाहेरचं नव्हतं. तो खरा आहे का, एवढंच बघायचं होतं.

मी वाचणारी बाई. वाचनालयाची पायरी चढल्याशिवाय माझा शनिवार जात नसे. या सवयीने मला बरंच दिलं, पण त्या दिवशी तिनेच घात केला. तो कागद फार सुरेख लिहिलेला होता. 'कारणे फारकतनामा लिहून देते ऐसाजे', 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने', 'आजपासून उभयतांचा एकमेकांच्या जिंदगीवर कसलाही हक्क राहिला नाही'. कुणा जुन्या कारकुनाची भाषा होती ती. मी दोनदा वाचली, चवीने. खाली बाईला परत केलेल्या वस्तूंची यादी होती. दोन हंडे, तीन कळशा, एक पलंग, चांदीची जोडवी. पाच पंचांच्या सह्या होत्या. आणि सर्वांत खाली अंगठा.

अंगठ्यापाशी मी थांबले. हे मला आज लिहायलाच हवं. मी थांबले होते.

कारण चार वर्षांपूर्वी केदाचा हात लेथमध्ये सापडला होता आणि त्या महिन्याचा पगार न्यायला त्याची बायको आली होती. तेव्हा पगार रोख मिळे. मी पगारपत्रक तिच्यासमोर ठेवलं, रेव्हेन्यू स्टँप लावला आणि सवयीने शाईचा पॅड पुढे केला. तिने तो एका बोटाने बाजूला सारला.

"मला सही येती. चौथी शिकले मी."

तिने पेन घेतलं. आधी स्टँपवरून आडवी एक लांब रेघ ओढली, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत गेली. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, रामायण लिहिता का?" ती वळूनही न बघता म्हणाली, "थांबा भाऊ, माझं नाव हाय." ती बाई मला तेव्हाच आवडली होती.

म्हणून मी केदाला विचारलं, "अंगठा का रे? तिला सही येते ना?"

तो खिडकीच्या गजाकडे बघत राहिला. "पंचांनी अंगठाच घेतला मॅडम. गावाकडं बायांचा अंगठाच घेत्यात. सहीचं कोण बघतं?"

यात खोटं काही नव्हतं. रोज पोथी वाचणाऱ्या माझ्या आईने आमच्या घराच्या खरेदीखतावर अंगठा दिला होता, कारण लिहिणाऱ्याने बाई पाहून पॅडच पुढे केला होता. पण आईने तो बाजूला सारला नव्हता. हिने सारला होता. जी बाई माझ्यापुढचा पॅड लोटते ती पाच पुरुषांपुढे अंगठा देईल का? एवढा एकच प्रश्न होता. मी तो केदाला विचारला नाही. साडेपाचची कंपनीची बस सुटायची होती. मी त्याच्या फारकतनाम्याची झेरॉक्स ठेवून घेतली, मूळ कागद त्याला परत दिला, अंजनाच्या नावावर रेघ मारली आणि त्याने सांगितलेलं नवं नाव लिहिलं. मंगल.

पुढची पाच वर्षं काही झालं नाही. मग एकदा दुसऱ्या पाळीला येताना केदाच्या सायकलला त्र्यंबक रोडवर ट्रकने धडक दिली. तो जागीच गेला.

आठव्या दिवशी मंगल आली. श्रमिकनगरच्या एका खोलीत राहणारी, अशक्त, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. मी तिचे फॉर्म भरून घेतले. पाठवायचे बाकी होते, तेवढ्यात तेरावं उरकून अंजनाबाई आल्या. सोबत भाऊ. त्यांनी रेशनकार्ड आणि मतदार यादीचा उतारा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, ओळखलं का? आता त्यांच्या फंडाचं कसं करायचं?"

मी फाइल उघडली. "तुमचं नाव इथे नाही."

"नाय कसं? तुम्हीच लिहिलं होतं म्हणले ते."

"शहाण्णव साली काढलं. तुमची फारकत झाली ना."

"कोणाची?"

मी झेरॉक्स त्यांच्याकडे फिरवली. त्या ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. भाऊ अधीर झाला होता. "काय हे ताई? काय लिव्हलंय?" त्यांनी त्याला हातानेच गप्प केलं. यादीशी आल्यावर त्या थांबल्या.

"पलंग? कुठला पलंग? आमच्या घरात पलंग नव्हता कधी." मग अंगठा. "हा माझा नाय."

"पंच आहेत त्यावर."

"हे पंच कोण? ह्यांतला एकबी आमच्या गावचा नाय. सगळे नाशकातले." त्यांनी झेरॉक्स परत माझ्याकडे फिरवली. मग म्हणाल्या, "यंदाच्या पोळ्याला आले होते. बैल सजवले. माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेले. फारकत झालेला माणूस जेवायला येतो का मॅडम?"

त्यांना मूल नव्हतं. केदाची दोन एकर जमीन त्या कसत होत्या आणि त्याच्या घरात राहत होत्या. तो महिन्या-दोन महिन्यांनी येई. नाशकात दुसरं घर आहे याची कुणकुण त्यांना होती. "बाई ठेवलीय हे कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मला काढलंय हे नव्हतं कळलं."

मंगलला बोलावलं, तर ती रडायलाच लागली. "मला म्हणले फारकत पक्की हे. कागद दाखवला. मला वाचता येत नाय मॅडम. मी कागदावर विश्वास ठेवला."

मी वाचता येत असून ठेवला होता.

वाद उभा राहिल्यावर फंडाच्या कार्यालयाने दोन्ही अर्ज परत केले. कोर्टातून ठरवून आणा, जी विधवा ठरेल तिला पेन्शन. अंजनाबाईंनी नाशिकच्या कोर्टात दावा लावला. सगळं त्या अंगठ्यावर होतं. मूळ कागद केदाबरोबर कुठे गेला ते कुणाला सापडलं नाही. आमच्या फाइलमध्ये होती ती झेरॉक्स, आणि झेरॉक्सवरचा अंगठा म्हणजे काळा डाग. तज्ज्ञाला रेषाच दिसेनात. पाच पंचांपैकी दोघे वारले होते, तिघांनी शपथेवर सांगितलं की बाईने आमच्यासमोर अंगठा दिला. अंजनाबाईंच्या बाजूने एकच मुद्दा उरला होता. मी सही करते, अंगठा देत नाही.

मंगलचा वकील हुशार होता. तो म्हणाला, बाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्या, आणि तो वर्ग त्यांच्या गावात सत्त्याण्णव साली भरला. वर्ग खरोखरच भरला होता. अंजनाबाई त्यात इतर बायकांना शिकवत होत्या, पण वहीत सगळ्यांचीच नावं शिकणाऱ्या म्हणून होती. शाळेच्या जुन्या रजिस्टरात नाव 'अंजी', आडनाव माहेरचं, जन्मतारीख भलतीच. ते टिकलं नाही. शहाण्णवच्या आधीची त्यांची एखादी सही कुठे असेल का? अंजनाबाईंना ती आठवली. त्यांच्या वकिलाने कंपनीला पत्र दिलं. ब्याण्णव सालचं पगारपत्रक हजर करावं.

ते पत्र माझ्याकडे आलं. मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिसऱ्या फळीवर, लाल कापडात बांधलेला गठ्ठा. वाळवी लागली नव्हती. पान सापडायला दहा मिनिटं लागली. स्टँपवरून गेलेली लांब रेघ, तिला टांगलेली अक्षरं. अंजना केदा. शाई किंचित फिकी झाली होती, इतकंच.

मी साहेबांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आणि कामात पक्के होते.

"बाई, बसा," ते म्हणाले. "हे पान कोर्टात गेलं की पहिला प्रश्न काय येणार?"

त्यांनी स्वतःच सांगितलं.

"हा फारकतनामा खरा मानून घेतला कोणी?"

"मी."

"बाईला सही येते हे तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग?" त्यांनी टेबलावरचं वजन इकडचं तिकडे केलं. "तीन वर्षांपलीकडचं पगारपत्रक ठेवायचं आपल्यावर बंधन नाही. 'उपलब्ध नाही' असं लिहा. खोटं कुठे आहे त्यात? आपण उपलब्ध करत नाही आहोत, इतकंच."

त्या वर्षी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची यादी फिरत होती. स्वेच्छा नावालाच होती, यादी साहेबांच्या खणात होती. माझे वडील अंथरुणावर होते आणि त्यांची औषधं माझ्या पगारातून येत होती. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि लिहिलं, 'सदर पगारपत्रक उपलब्ध नाही.' खाली सही केली.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत असे की मी मंगलच्या मुलासाठी तसं केलं. त्या पोराचा काय गुन्हा, वगैरे. पण मुलाची पेन्शन वेगळी असते आणि ती त्याला दोन्ही परिस्थितींत मिळाली असती. हे मला तेव्हा ठाऊक होतं, माझं कामच ते होतं. मुलाचं कारण मला नंतर सुचलं.

कोर्टात मी फाइल घेऊन उभी राहिले. मला एकच विचारलं. "हे पत्र आपल्या कार्यालयाचं?" मी "हो" म्हणाले. म्हणजे तोंडाने मी खोटं बोलले नाही. अंजनाबाई समोरच्या बाकावर होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी कंपनीने जुनं रेकॉर्ड रद्दीत काढलं. त्या यादीवरही माझीच सही आहे.

दावा पाच वर्षं चालला. इकडे मंगल लोकांची धुणीभांडी करत होती, तिकडे अंजनाबाई कळवणहून एसटीने तारखांना येत होत्या. शेवटी दोन्ही वकिलांनी तडजोड घडवली. अंजनाबाईंनी फारकत कबूल करायची, मंगलला विधवा मानायचं, पेन्शन मंगलची. बदल्यात फंडातला एक हिस्सा अंजनाबाईंना एकरकमी. मी फाइल घेऊन त्याही दिवशी हजर होते. कोर्टाच्या व्हरांड्यात, खांबाशी, वकिलाने अर्ज त्यांच्या हातात दिला.

"सही करा बाई. वाचायचं काय त्यात?"

"वाचू द्या. माझ्याबद्दल लिहिलंय."

त्या वाचू लागल्या. अर्जात वाक्य होतं, 'सदर फारकतनाम्यावरील अंगठा माझाच असून तो मी राजीखुशीने दिलेला आहे.' त्या वाक्याखालून त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग भावाकडे बघितलं.

भाऊ म्हणाला, "ताई, कर गं आता. पाच वर्षं झाली, एसटीचं भाडं मी भरतोय. तुझ्या वहिनीला काय सांगू मी?"

त्यांनी कागद खांबाला टेकवला. आधी रेघ ओढली, मग अक्षरं. तो अंगठा आपलाच आहे, हे अंजनाबाईंनी सही करून सांगितलं. एवढ्या गर्दीत यात काही वावगं आहे हे दोनच माणसांना कळत होतं.

मिळालेल्या पैशातून भावाच्या विहिरीवर मोटर बसली आणि शेतापर्यंत पाइप गेला. फारकत कोर्टात मान्य झाली म्हटल्यावर केदाच्या भावांनी गावच्या घराला कुलूप लावलं आणि दोन एकर आपल्याकडे घेतलं. अंजनाबाई माहेरी आल्या. पडवीत झोपू लागल्या.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी कळवणला गेले. भावाच्या घरी कळलं की त्या एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या शेडवर रोजाने निवडायला जातात. तिथे वीसेक बायका ढिगाभोवती बसल्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. उठून आल्या, पदराने हात पुसले, शेजारच्या टपरीवरून चहा सांगितला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

मी सगळं सांगितलं. फळी, लाल कापड, पान, पत्र. त्या चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या.

"कोर्टात तुम्ही माझ्याकडं बघितलं नाय," त्या म्हणाल्या. "तवाच मनात आलं होतं, पगाराचं बुक असणार." मग विचारलं, "आता कुठं हे ते?"

"रद्दीत गेलं."

"मग आता कशाला सांगता?"

शेडमधून कुणीतरी हाक मारली, "ओ काकू, रोज बुडवता का?" त्या म्हणाल्या, "आले गं." पण उठल्या नाहीत.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

"आता कोर्टात त्याचा काही उपयोग..."

"कोर्टाला नाय. मला."

मी पिशवीतल्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"तुम्हाला तवाच माहीत होतं, हे नाय लिहिलं तुम्ही."

मी तेही लिहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आता सही करा."

मी सही केली. त्यांनी सांगितलं म्हणून खाली फोन नंबरही लिहिला. कागदाची घडी कमरेच्या पिशवीत घालून त्या ढिगाकडे गेल्या आणि कांदे निवडायला बसल्या. मी एसटी स्टँडवर आले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

श्रावणात त्यांच्या भाच्याचा फोन आला. तरुण, घाईतला आवाज.

"मॅडम, आत्या वारली. तिच्या डब्यात तुमचा एक कागद सापडला. ह्याच्यावर काही निघतं का?"

"काय निघणार?"

"पैसे. कंपनीचे."

"नाही. त्यावर काही निघत नाही."

"मग टाकून देऊ?"

"नको. मला पाठवा."

"बघतो," तो म्हणाला.

तो कागद अजून आलेला नाही. येईल असं वाटत नाही. त्यावर काय होतं ते मला पाठ आहे, म्हणून इथे पुन्हा लिहून देते. या लेखातली बाकी सगळी नावं मी बदलली आहेत. हे एक बदललेलं नाही.

'अंजनाबाईंच्या नावाने झालेल्या फारकतनाम्यावरील अंगठा त्यांचा नाही. त्यांना सही येत होती. ती त्यांनी त्यापूर्वी चार वर्षे पगारपत्रकावर माझ्यासमोर केलेली होती. ते पगारपत्रक कारखान्यात होते. नाही असे मी लिहून दिले. मला हे सगळे तेव्हाच माहीत होते.'